गूळ आधी, पाणी दोन पावसाळ्यांनी

लोक रत्नागिरीला समुद्र बघायला जातात, आंबे खायला जातात, गणपतीपुळ्याला पाया पडायला जातात. मी गेले ती एका विहिरीला डिझेलचा वास येतो म्हणून. परत आल्यावर मैत्रिणींनी हौसेने फोटो मागितले. माझ्या मोबाइलमध्ये विहिरीचे, विहिरीतल्या पाण्याचे, पाण्यावरच्या तवंगाचे आणि ओल्या काजूच्या उसळीचे फोटो होते. मैत्रिणींनी उसळीचा तेवढा ठेवून घेतला.

माझा धंदाच असा आहे. पेट्रोल पंपाखालची टाकी गळते, डेपोतला पाइप फुटतो, जमिनीखालचं पाणी नासतं, आणि मग ते साफ कसं करायचं हे विचारायला माझ्याकडे येतात. आनंदाने मला कोणी बोलावत नाही. वसईच्या एका रंगाच्या कारखान्यात असंच काम केलं होतं, तिथे स्टोअरमध्ये महेश नावाचा कोकणातला माणूस होता. त्याचा फोन आला. गावाला रस्त्यावर डिझेलचा टँकर उलटला होता, तेव्हापासून आईच्या विहिरीचं पाणी नासलं होतं. आई एकटी राहते, सत्तरीच्या पुढची. ती विरारला त्याच्याकडे यायला तयार नव्हती.

"मॅडम, तुम्ही फक्त या आणि चारचौघांत सांगा की विहीर गेली," महेश म्हणाला. "माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

म्हणजे रोग्याला तपासण्याआधीच निकाल ठरला होता. मला असल्या गोष्टींचा राग येतो. पण तो फेब्रुवारीचा शेवट होता, कोकणात ओले काजू आले होते, आणि राग गिळायला मला तेवढं कारण पुरतं. मी हो म्हटलं.

अंगण

गाव पावसच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत. नाव सांगणार नाही. का, ते पुढे कळेल. रिक्षावाल्याने मला पाखाडीच्या पायथ्याशी उतरवलं. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. ही रस्त्यापासून सुरू होऊन सरळ वर घरांकडे गेली होती, आणि माझी बॅग चाकांची होती. मी मूळची सोलापूरची. आमच्याकडे जमीन सपाट आणि माणसं सरळ बोलणारी. इथे दोन्हीचं उलटं आहे हे पुढच्या तीन दिवसांत मला नीट कळायचं होतं.

चौथ्या पायरीला बॅगेचं चाक निखळून घरंगळत रस्त्यावर गेलं. ते उचलून घेऊन येणारे गृहस्थ म्हणजे निसारभाई. पांढरी दाढी, चौकटीची लुंगी, मनगटावर भलंमोठं घड्याळ. कुवेतला तेलाच्या डेपोत आयुष्य काढून परत आलेले, महेशच्या वडिलांचे जुने दोस्त. त्यांनी बॅग खांद्यावर घेतली आणि विचारलं, "काय भरलाव ह्यात? चिरे?"

"पाणी तपासायची यंत्रं."

"आमच्या कुवेतला ही यंत्रं गाडीतनं येतात," ते म्हणाले. ते 'आमच्या कुवेतला' मी नंतर इतक्यांदा ऐकलं की कुवेत पावसच्या पलीकडे कुठेतरी असावं असं वाटायला लागलं.

वर पोचले तेव्हा मला बोलता येत नव्हतं. शेणाने सारवलेलं अंगण, पुढे पडवी, आणि पडवीत महेशची आई, इंदूकाकी. कंबरेत वाकलेल्या, आवाजाने मात्र अगदी ताठ. त्यांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि वाटीतून गुळाचा खडा पुढे केला. दारी आलेल्याला गूळपाणी देतात हे मला माहीत होतं. मी गूळ तोंडात टाकला आणि तांब्याची वाट बघत बसले. तांब्या आला नाही.

"काकी, पाणी?"

"पानी नाय," काकी म्हणाल्या. "पावन्याला मी माज्या बावीचंच पानी देते. पान्याचा टँकर येतो, त्येचं नाय देयाची. बाव साफ कर, मग पानी पी."

बाव म्हणजे विहीर. घशात गूळ, अंगात पाखाडी, आणि समोर ही बाई. आमच्या सोलापुरात पाण्याचे हाल असतात, पण दारात आलेल्याला आधी पाणी आणि मग नाव-गाव. इथे मला गोड करून तहानलेलं ठेवलं होतं.

"मग मी पिऊ काय?"

"चा पी. चाला टँकरचं चालतं. उकाळलं की त्येची लाज जाते."

बाव

बाव परसात होती, चिऱ्यांनी बांधलेली, वर रहाट. या वाडीच्या बाकीच्या विहिरी एप्रिलात तळाला जातात, ही मे महिन्यातही पाणी देते. काकींच्या सासऱ्यांच्या वेळेपासून वरच्या वाडीच्या आणि खालच्या मोहल्ल्याच्या बायका इथूनच पाणी भरत आल्या होत्या. काकींच्या गावातल्या वजनाचं मूळ इथे होतं. कोणाची सून कशी आहे, कोणाच्या मुलाचं कुठे ठरतंय, हे सगळं या रहाटावर त्यांच्या कानांवर यायचं. आता रहाट कोरडा होता. काकी दिवसातून दोनदा येऊन त्याला नुसतं फिरवून बघायच्या. ते बघून मला वाईट वाटलं, आणि महेशला दिलेलं 'हो' घशाशी आलं.

वास दहा पावलांवरूनच येत होता. मी नळीसारखी पारदर्शक बाटली दोरीने खाली सोडली. वर आली तेव्हा पाण्यावर बोटभर पिवळसर थर तरंगत होता. भोवती वाडीतली माणसं जमली होती. मी येण्याआधी प्रत्येकाचा आपापला इलाज करून झाला होता. कोणी तुरटी फिरवली होती, कोणी चुन्याची निवळी ओतली होती. एकाने ब्लीचिंग पावडरची अख्खी पिशवी रिकामी केली होती आणि आणखी एकाने गप्पी मासे सोडले होते. कशाच्या आधी काय सोडलं हे माशांच्या दृष्टीने महत्त्वाचं होतं, पण ते आता विचारून उपयोग नव्हता.

दुपारी पडवीत मी सगळ्यांना पद्धती समजावून सांगायला बसले. हे माझं आवडतं काम. मटणाच्या रश्श्यावर कट येतो तसं हे डिझेल पाण्यावर आलंय, असं मी सुरू केलं, आणि सगळे लगेच नीट ऐकायला लागले.

"पहिलं म्हणजे पळीने कट काढतो तसा वरचा थर काढून घ्यायचा. हे काहीही झालं तरी करावंच लागतं. पण तेवढ्याने भागत नाही, कारण खाली रश्श्यात तेल मुरलेलं असतंच. मग दुसरी पद्धत: सगळं पाणी पंपाने उपसायचं, खास कोळशातून गाळायचं..."

"हेच!" निसारभाई मांडीवर हात मारत म्हणाले. "आमच्या कुवेतला हेच. येवढाले पंप!"

"पंप चालू आहे तोवर पाणी स्वच्छ येतं, निसारभाई. बंद केला की महिन्याभरात वास परत. तुमच्या जांभ्याला पावासारखी भोकं असतात. त्यांत तेल धरून बसतं आणि थोडं थोडं सोडत राहतं. वर्षानुवर्षं पंप चालवावा लागेल."

"आनि लाईट कोन देनार?" असं कोणीतरी विचारलं, त्याच क्षणी पडवीतला पंखा बंद पडला. कुवेतची बाजू तिथे संपली.

"तिसरी पद्धत, विहिरीच्या तळातून हवेचे बुडबुडे सोडायचे. पेट्रोल असतं तर हवेबरोबर उडून गेलं असतं. डिझेल जड आणि आळशी, ते फारसं उडत नाही. पण हवेचा दुसरा फायदा आहे. मातीत असे जंतू असतात की जे डिझेल खातात. त्यांना हवा लागते आणि थोडं खत लागतं. ही चौथी पद्धत."

इथे वामनतात्या पुढे सरकले. तात्या म्हणजे गावच्या देवळाचे मानकरी, वरच्या अंगाला त्यांची हापूसची बाग. "जंतू म्हंजे शेनच की! उद्या पाटी भरून टाकतो."

"शेण नको, तात्या. शेण कुजताना जंतूंच्या वाटची हवाच खाऊन टाकेल."

तात्या दुखावले. गाईला कमी लेखल्यासारखं त्यांना वाटलं असावं. ते पुन्हा मागे सरकून बसले. पाचवी पद्धत तीव्र औषधं सोडून डिझेल जाळून टाकायची. पण भेगाभेगांच्या दगडात औषध आपल्याला हवं तिथे न जाता त्याला हवं तिथे जातं. शिवाय ब्लीचिंगवाल्या गृहस्थांचे डोळे ज्या उत्साहाने चमकले ते पाहून मी तो विषय आवरता घेतला.

"आणि सहावी, काहीच करायचं नाही. फक्त दर काही महिन्यांनी पाणी तपासत राहायचं. माती आपणहून साफ करते का ते बघायचं."

"कायच करायचं नाय, ते शिकायला येवढी कालेजं लागतात?" काकींनी विचारलं. पडवी हसली. मीही हसले, जरा कमी.

"पण कुठलीही पद्धत घ्या," मी म्हणाले, "डिझेल येतंय कुठून ते आधी कळायला पाहिजे. ते येत राहिलं तर सगळं फुकट. कुठून आलं?"

"टँकरातनं," सगळे एकदम म्हणाले, आणि आतून घावणे आले, नारळाच्या रसाबरोबर. मी खाल्ले. किती, ते सांगत नाही.

सडा

दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्लेलं जिरवावं म्हणून मी पाखाडीने खाली उतरले. टँकर उलटला ती जागा तात्यांनी दाखवली. रस्त्याचं वळण, कठड्याचे तुटलेले दगड, पलीकडे खाडीकडे उतरत गेलेली झाडी. मी तिथे उभी राहून वर पाहिलं. बाव वर होती. टँकर खाली पडला होता.

"तात्या, डिझेल चढ कसं चढलं?"

तात्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "वाऱ्यानं गेलं असंल."

"वाऱ्याने?"

"नायतर खेकड्यांनी. खेकडे बिळं करतात ना, त्या बिळांतनं..."

ज्या पाखाडीने मी धापा टाकत, चाक निखळून वर पोचले, तीच डिझेलने खेकड्यांच्या मदतीने चढावी हे मला पटेना. जमिनीखालचं पाणी उताराने जातं. बावीत जे येतं ते वरून, सड्याकडून यायला हवं. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा जांभ्याचा सपाट कातळ. "आपण वर जाऊ," मी म्हटलं.

"वर काय नाय. साप हायत."

"मग सापांना विचारू."

वर चढता चढता तिघांनी मला थांबवलं. एका घरातून पन्हं आलं, दुसऱ्या घरातून ओल्या काजूची उसळ आणि तांदळाची भाकरी. उसळ तशी मी आयुष्यात खाल्ली नाही. बोटं चाटताना आपण इथे कशाला आलो हे विसरायला झालं. निसारभाईंच्या सुनेने तर नारळाच्या दुधातलं कोळंबीचं कालवण डब्यात भरून पाठवलं. लोकांचं प्रेम बघून मी भारावले. त्या प्रेमाची वेळ नेहमी माझ्या प्रश्नानंतर येते, हे माझ्या लक्षात यायला तिसरा डबा लागला.

सड्यावर देऊळ आहे आणि देवळामागे जुनी चिरेखाण. तिथून पूर्वी चिरे काढत, आता नुसता चौकोनी खड्डा उरलाय. खड्ड्याच्या तळाशी माती काळी पडली होती आणि गवत एका बाजूला जळल्यासारखं झालं होतं. मी उतरून मूठभर माती नाकाशी नेली. डिझेल. बाव त्या खाणीच्या बरोबर खाली.

"तात्या, हे इथे कसं आलं?"

तात्या देवळाच्या कळसाकडे बघत म्हणाले, "जेवायची येळ झाली."

त्या दुपारी एक अपघात घडला. काकींनी मला माजघरात उशी दिली होती. सावरीच्या कापसाची, जुनी, मऊ, एका कोपऱ्यात उसवलेली. मी उशाशी बावीतल्या नमुन्याची बाटली ठेवून आडवी झाले. एवढं शिकून मी डिझेलची बाटली उशाशी ठेवली हे कबूल करते. त्या कोळंबीचा दोष निम्मा. कूस बदलताना बाटली लवंडली. उठून बघते तो काकींची उशी भिजलेली. आता ही बाई मला गूळसुद्धा देणार नाही या भीतीने मी ती उचलली, आणि थबकले. पाण्याचे थेंब उसवलेल्या कोपऱ्यातल्या कापसावरून मोत्यांसारखे ओघळून गेले होते. डिझेल मात्र उशीने शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं होतं.

सावरीचा कापूस पाणी घेत नाही आणि तेल सोडत नाही, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण पुस्तकातलं वाक्य उशीच्या अभ्र्यात भरलेलं समोर येईपर्यंत मला त्याची आठवण झाली नव्हती. थर काढायला बाहेरून महागडे शोषक बोळे मागवायचा माझा बेत होता. मी उशी घेऊन काकींकडे गेले आणि सगळं सांगितलं.

काकींनी उशी हुंगली. "ही माज्या लग्नातली," त्या म्हणाल्या. मग परसातल्या रहाटाकडे बोट केलं. "बाय, बाव खरंच साफ व्हईल? की महेशसारखं तूपन मला गुंडाळतेस?"

"होईल. पण वर खाणीत कोणी ओतलं आणि किती, ते कळल्याशिवाय मी उद्या ग्रामसभेत, सगळ्या गावापुढे तसं सांगू शकत नाही. जमिनीत किती मुरलंय तेच माहीत नसेल, तर विहीर बुजवा असंच मला म्हणावं लागेल."

काकी उठल्या. आत गेल्या आणि माझ्यासाठी कुळथाचं पिठलं टाकलं. आता मला त्या पिठल्याचा अर्थ कळत होता. चव तरीही उत्तमच होती.

देऊळ

तिसऱ्या दिवशी ग्रामसभा. महेश सकाळीच विरारहून आला. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने बाजूला घेतलं. "मॅडम, आपलं ठरलंय ना? तिला इथे काय झालं तर कोण आहे? टँकर चार दिवसांनी येतो. हंडा उचलताना एकदा पडलीय ती." त्याचं बोलणं खोटं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत काळजी होती.

सभेआधी देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. मोठं काम काढताना मानकरी देवापुढे सगळ्या गावाच्या वतीने बोलतात आणि दर वाक्यानंतर सगळे मिळून होकार देतात. आमच्याकडे नारळ फोडला की उद्घाटन संपतं. इथे देवाला सविस्तर अहवाल द्यावा लागतो. देवळात जाताना काकींनी मला समजावलं, "गाऱ्हानं मधी तोडायचं नसतं. आनि चुकलंमाकलं सगळं सांगायचं. अर्धं सांगितलं तर देव अर्धंच आयकतो." हे त्यांनी जरा मोठ्याने, पुढे चाललेल्या तात्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

सभामंडप भरला होता. निसारभाई आणि मोहल्ल्यातले दोघे-तिघे रिवाजाप्रमाणे बाहेर चिऱ्यांच्या कठड्यावर बसले होते. सभा त्यांचीही होती. तात्यांनी डोळे मिटले, हात जोडले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरं तुज्या दारात हुबी हायत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही सोलापूरची बाय आमच्या बावीचं पानी साफ कराया आली, तिच्या हाताला येस दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मला उगाच भरून आलं. महेश माझ्या शेजारीच होता, त्याचा आवाज सगळ्यांत खणखणीत. तात्या क्षणभर थांबले. घाम पुसला. मग एका दमात म्हणाले, "आमच्यातल्या कोनी टँकराचं डिझेल घरी आनलं असंल, आनि पोलीस येतात म्हनून भिऊन तुज्या पाठच्या खानीत वतलं असंल, तर ती चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं गाव गरजलं.

आणि मग शांतता झाली. इतकी, की घंटेवरचा भुंगा ऐकू आला. लोक एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटत होतं की खाणीत ओतणारे आपण एकटेच. दिवेलागणीला, कोणी बघत नाही असं पाहून, प्रत्येक जण स्वतंत्रपणे त्याच एका खड्ड्यापाशी जाऊन आला होता. एवढ्याशा गावात कोणाची कोणाशी गाठ कशी पडली नाही, हे मला अजून कोडं आहे.

पण गाऱ्हाणं मध्ये तोडायचं नसतं. तात्या पुढे निघाले. "मी सोता दोन डबे वतले रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," पाठीमागून बारीक आवाज आले, आणि मग एकेक करून माणसं बोलू लागली. कोणाचा कॅन, कोणाची बादली, कोणाचा भाताच्या उकडीचा हंडा. पोलीस घरोघरी भांडी हुंगणार अशी आवई उठली होती म्हणे. पोलीस शेवटपर्यंत आलेच नाहीत. बाहेर कठड्यावरून निसारभाई ओरडले, "माजे पन दोन कॅन धरा! मी भायेर बसलोय म्हनून सुटलो असं नको!"

"कुवेतला काय करतात हो अशा वेळी?" कोणीतरी विचारलं.

"कुवेतला कोन चोरतो डिझेल?" निसारभाई म्हणाले.

मी महेशकडे वळले. तो देवळाच्या फरशीत काहीतरी शोधत होता. टँकर उलटला तो दिवाळीत, आणि दिवाळीला महेश गावात होता. आईच्या बावीवर पंप बसवायचा म्हणून त्याने एक अख्खा ड्रम भरून आणला होता, आणि तोच ड्रम त्याने खाणीपर्यंत लोटत नेला होता.

शेवटी काकी उठल्या. "माजी येक कळशी," त्या म्हणाल्या. "पितळेची. सगळे भरून आनत हुते, मी येकटी कशी मागं ऱ्हायची?" मग हात जोडून हळू आवाजात, "व्हय म्हाराजा."

मला आधी राग आला. तीन दिवस माझं तोंड यांनी खाण्याने भरून ठेवलं होतं. मग काकींकडे पाहिलं आणि राग गेला. पाहुण्याला पाणी न देण्यामागे टँकर नव्हता. आपल्या बावीत आपणच काय घातलंय हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ती लाज कुठल्याही चहात उकळून जाणारी नव्हती. मग मला हसू आलं, आणि मी हसले ते बघून सगळं देऊळ हसलं.

सभा देवळातच झाली. कबूल झालेल्या डब्या-कॅनांवरून किती मुरलं असेल त्याचा मला अंदाज आला होता, आणि तो आवाक्यातला होता. मी उभी राहून सांगितलं: पावसाआधी खाणीतली काळी माती आणि वरचा मऊ जांभा खणून प्लास्टिकवर पसरायचा, त्याला खत देऊन उलटापालटा करायचा आणि झाकून ठेवायचा. बावीवरचा थर सावरीच्या कापसाने टिपून काढायचा. मग तळातून हवा सोडायची, जंतूंना थोडं खत द्यायचं आणि तपासत राहायचं. दोन पावसाळे लागतील.

"पंप?" निसारभाईंनी आशेने विचारलं.

"पंप लागेल. हवेचा. लहान."

"आनि शेन?" तात्या म्हणाले.

"शेणाने अंगण सारवा."

मग मी महेशकडे पाहिलं. तो उठला, घसा साफ केला. सगळ्या गावाला वाटलं आता हा आईला घेऊन जायचं म्हणणार. "दोन पावसाळे बघू," तो म्हणाला. "तोवर टँकरचं पाणी घरात आणून ठेवायला मी माणूस लावतो. तू हंडा उचलायचा नाहीस." काकींनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते कळलं नाही.

उशांचा नियम काकींनी घातला. ज्याने जेवढं ओतलं त्याने त्या मानाने सावरीच्या उशा आणून द्यायच्या. संध्याकाळपर्यंत अंगणात उशांचा ढीग लागला, आणि ढीग बघून कोणी किती कबूल केलं होतं आणि प्रत्यक्षात किती ओतलं होतं तेही गावाला समजलं. निसारभाईंच्या दोन कॅनांना पाच उशा आल्या. जाळीच्या पिशव्यांत कापूस भरून आम्ही बावीत सोडला, दोरीने वर ओढला, पुन्हा सोडला. भिजलेल्या पिशव्या बाजूला ठेवताच एक गृहस्थ त्या उचलून निघाले.

"कुठे चाललात?"

"टाकून येतो."

"कुठे?"

"देवळाच्या पाठी, खानीत," ते सहज म्हणाले, आणि मग स्वतःच जीभ चावली. पिशव्या झाकणाच्या ड्रमात बंद करून असला कचरा घेणाऱ्या ठिकाणी पाठवेपर्यंत मी त्या ड्रमाशेजारून हलले नाही.

पुन्हा अंगण

पुढचं सगळं मी पुण्यात, माझ्या ऑफिसात बसून बघितलं. पाण्याच्या बाटल्या एसटीच्या पार्सलने यायच्या, हापूसच्या पेटीत पेंढ्यात गुंडाळून. मोसमात पेटीत आंबेही असायचे; ते आधी संपायचे, बाटली नंतर तपासली जायची. पहिल्या पावसाळ्यात वास कमी झाला, नंतर पुन्हा थोडा वाढला. तेव्हा तात्यांनी फोनवर शेणाचा विषय हळूच काढून बघितला. मधल्या उन्हाळ्यात महेशच्या आग्रहाने काकी विरारला महिनाभर राहून आल्या. तिथल्या नळाला क्लोरिनचा वास येतो म्हणून परत आल्या. वासाच्या बाबतीत त्या आता फार चिकित्सक झाल्या होत्या.

दुसरा पावसाळा संपल्यावर पाणी चांगलं आलं. मी विश्वास ठेवला नाही. पुन्हा मागवलं, पुन्हा चांगलं. तिसऱ्यांदा चांगलं आलं तेव्हा मी कागद पाठवला नाही, स्वतः निघाले. बॅग या वेळी खांद्याला लावायची घेतली.

पाखाडी तेवढीच उंच होती. वर रहाटाचा आवाज येत होता आणि बायकांचाही. कोणाच्या तरी सुनेबद्दल चाललं होतं. मला बघून त्या गप्प झाल्या, म्हणजे विषय रंगात आलेला असणार. काकी रहाटाशी उभ्या होत्या. त्यांनी मला पडवीत बसवलं आणि आत गेल्या.

येताना त्यांच्या हातात तांब्या होता. पितळेचा, बाहेरून ओला. मी तांब्या घेतला आणि दुसरा हात पुढे करून थांबले.

"काय?" काकींनी विचारलं.

"गूळ?"

"गूळ मागल्या खेपेला खाल्लास," काकी म्हणाल्या. "आता पानी पी."

मी प्यायले. कशाचाही वास नव्हता. तांब्या रिकामा करून मी पुन्हा पुढे केला, तेव्हा काकींनी पदर डोळ्यांना लावला आणि रहाटावरच्या बायकांना ओरडून सांगितलं, "गो, आनखी येक कळशी काढा. पावनी तानेली हाय."